परभणीतला एक टायपिंग क्लास: बोटं बसवायला मस्त, बाकी जरा बघून घ्या

आधीच सांगतो, क्लासचं नाव लिहिणार नाही, कारण चांगलं लिहायचंय तसं चार गोष्टी ऐकवायच्या पण आहेत. परभणीत जीसीसी टीबीसीचे (सरकारी कॉम्प्युटर टायपिंग परीक्षेचे) बोर्ड गल्लोगल्ली लागलेत, त्यातलाच हा एक, खाली झेरॉक्स अन् वर टायपिंग. लिपिक टंकलेखकाची जाहिरात निघाली की सगळ्यांना एकदम आठवतं की अरे मराठी 30 नाहीतर इंग्रजी 40 चं (मिनिटाला तेवढे शब्द) सर्टिफिकेट लागतंय, मग त्या जिन्यात चपला ठेवायला जागा राहत नाही.

सर लै भारी आहेत, हे पहिलं. टायपरायटरच्या जमान्यातला माणूस, अन् सगळा जोर एकाच गोष्टीवर, खाली बघायचं नाही. सुरुवातीला दुसरं काही देतच नाहीत, ए एस डी एफ जी एफ, सेमीकोलन एल के जे एच जे, बस, तेच तेच. मोबाइलवर दोन अंगठ्यांनी धडाधड मेसेज टाकणारी पोरं, त्यांना वाटतं ही काय बालवाडी लावली. तेवढ्यात सर मागून येतात, खिशातली दस्ती काढतात अन् पोराच्या दोन्ही हातांवर टाकतात. "कीबोर्डला काय गूळ लावलाय का रे? पडद्याकडं बघ." आता दस्तीखाली करंगळीला पी काही सापडत नाही, ओ लागतो, कंस लागतो, पोरगं घामाघूम, पण थोड्या दिवसांत करंगळी आपोआप जायला लागते. यूट्यूबवर कितीही व्हिडिओ बघा, तुमच्या हातावर दस्ती टाकायला कोणी येत नाही ना, मी फी दिली ती ह्याचीच समजतो.

स्पीडचं विचारलं की सर चिडतात. म्हणतात आधी चुका कमी कर. आणि हिशोब बघितला तर बरोबरच आहे की, टेस्टमध्ये सहसा पाच कीस्ट्रोकला, म्हणजे बटणावरच्या पाच ठोक्यांना, एक शब्द धरतात, म्हणजे 40 चा स्पीड म्हणजे मिनिटाला 200 कीस्ट्रोक, सेकंदाला तीनच्या थोडं वर. ऐकायला काहीच नाही. पण एक अक्षर चुकलं की चुकीचं एक, बॅकस्पेस एक, बरोबरचं एक, एका अक्षराला तीन ठोके गेले, वर लय तुटली ती वेगळीच. जो पोरगा हळू पण सरळ टायपायलाय तोच महिनाअखेरीला पुढं दिसतो, धडाधड मारणारा तिथंच 25 ला अडकून बसतो.

घरी सरावाला मी कीबर अन् मंकीटाइप ह्या टायपिंगच्या दोन्ही वेबसाइट वापरल्या, फुकट आहेत. कीबर थोड्याच अक्षरांपासून सुरू करतं आणि तेवढ्यांवर हात बसला की मग नवीन अक्षर देतं, त्यामुळं तुमचं कुठलं बोट ढिलं आहे ते लगेच कळतं, हे मला क्लासपेक्षा पण आवडलं. मंकीटाइपची मात्र नशा लागते बगा, 15 सेकंदाची टेस्ट मारायची अन् मित्राला स्क्रीनशॉट पाठवायचा. नुसते छोटे छोटे शब्द, ना स्वल्पविराम ना कॅपिटल. परीक्षेत सलग पॅसेज असतो, शिवाय लेटर, स्टेटमेंट, ईमेल असं सगळं असतं, तिथं ह्या 15 सेकंदाच्या स्पीडचं कोणी काही विचारत नाही. लावायचीच तर 60 सेकंदाची लावा अन् विरामचिन्हं चालू करून लावा.

आता तक्रारी. मराठी इथं फक्त रेमिंग्टन लेआउटवर (कोणतं अक्षर कोणत्या बटणावर, ती मांडणी) शिकवतात. म्हणजे जुन्या टायपिंग मशीनचीच पद्धत, ऱ्हस्व वेलांटी आधी मारायची मग अक्षर, रफार नंतर, जसं डोळ्याला दिसतं तसं. ज्याचा हात मशीनवर बसलाय त्याला ठीक. पण नवीन पोराला इन्स्क्रिप्ट, म्हणजे मराठीचा दुसरा लेआउट, निदान दाखवा तरी की राव! विंडोजमध्ये आधीपासून येतंय ते, वेगळं सॉफ्टवेअर नको, स्वर सगळे डाव्या हाताला अन् व्यंजनं बहुतेक उजव्या हाताला, आणि जसं बोलतो त्याच क्रमानं टाइप करायचं. 'विद्यार्थी' म्हणजे व, वेलांटी, द, हलंत, य, काना, र, हलंत, थ, वेलांटी, झालं. फक्त ळ ला शिफ्ट एन अन् श ला शिफ्ट एम, हे दोन सुरुवातीला लै छळतात. सरांना विचारलं तर "ते नंतर बघू" म्हणले, ते नंतर काही आलं नाही, मी घरीच शिकलो. तुम्ही कोणत्या परीक्षेला बसायलात तिथं कोणता लेआउट चालतो ते आधी बघा अन् मगच क्लास लावा, कारण एकावर हात बसला की दुसरा शिकताना बोटं भांडतात.

कीबोर्ड तर विचारूच नका. अक्षरं पुसलेली आहेत ते एक चांगलंच म्हणा, बघायचा मोहच नाही. पण एफ अन् जे वरच्या त्या बारीक उंचवट्या पण झिजल्या आहेत, ज्यांच्यावर बोट टेकवून हात जागेवर आणायचा त्याच. कोणीतरी हुशार पोरानं एका एफ वर फेविक्विकचा थेंब टाकून ठेवलाय, तो वाळून मण्यासारखा झालाय, त्या मशीनसाठी भांडणं होतात. टेबलं जुन्या टायपरायटरचीच, बुटकी, त्याच्यावर मॉनिटर ठेवला की मान खाली अन् खांदे वर. सर म्हणणार मनगट उचला, कोपर काटकोनात ठेवा, अन् खुर्ची प्लास्टिकची, खालीवर होत नाही, मग कोपर काटकोनात येणार कसं? मी घरून उशी न्यायचो, हसले सगळे, पण पाठ वाचली.

आणि लाइट. एप्रिल-मे मध्ये दुपारच्या बॅचला लाइट गेली की इन्व्हर्टरवर पंखा चालू, कॉम्प्युटर बंद. तास भरून मिळत नाही, काऊन म्हणलं तर "सगळ्यांचंच गेलं ना" हे उत्तर.

माझ्याकडून पाच पैकी साडेतीन. ज्यानं आजवर दोन बोटांनीच टायपलंय त्यानं डोळे झाकून जावं. ज्याचा हात आधीच बसलाय अन् फक्त 30 चं 40 करायचंय त्यानं फक्त परीक्षेचा फॉर्म भरण्यापुरतं नाव घालावं अन् सराव घरी चांगल्या कीबोर्डवर करावा. बॅच सकाळची सातची घ्या, गर्दी कमी अन् सरांचं लक्ष असतं, फी हप्त्यानं देतो म्हणा, मानतात, आणि पावती तेव्हाच मागून घ्या.