जॉर्जियाची दुसरी फेरी की अलास्काचा पसंतीक्रम?

अमेरिकी सिनेटच्या (संसदेच्या वरिष्ठ सभागृहाच्या) जागेसाठी अख्खे राज्य मतदान करते. जॉर्जिया राज्यात कुणीच निम्म्याहून जास्त मते मिळवली नाहीत, तर पहिल्या दोघांत पुन्हा लढत होते. ८ नोव्हेंबर २०२२ला वॉरनॉक आणि वॉकर हे दोन्ही प्रमुख उमेदवार निम्म्याच्या खालीच अडले. ६ डिसेंबरला पुन्हा मतदान होऊन वॉरनॉक जिंकले. फेरविचाराला वेळ मिळतो, हे मान्य. पण पुन्हा प्रचार, पुन्हा खर्च, आणि हातावर पोट असलेल्याने पुन्हा रांगेत उभे राहायचे!

अलास्का राज्यात ८ नोव्हेंबरलाच सिनेटसाठी मतदारांनी एकाच मतपत्रिकेवर पसंतीक्रम दिला (राज्यसभेसाठी आपले आमदार देतात, तसा). सर्वांत कमी मते मिळून बाद झालेल्या उमेदवारांची मते त्या मतदारांच्या पुढच्या पसंतीकडे वळली आणि उमेदवार मुर्कोव्स्की निवडून आल्या. निकालाला दोन आठवडे लागले, तरी मला हीच पद्धत न्याय्य वाटते.