इंक टँक प्रिंटर आणि शाळेचं सत्राअखेरचं वार्तापत्र: काही महिन्यांच्या वापरानंतर

पाचपैकी दोन तारे. नंतर त्यात अर्धा वाढवलाय, तो का ते पुढे येईल.

छपाईबद्दल माझी तक्रार नाही. वायफाय, स्कॅनर, मिनिटाला किती पानं वगैरे खोक्यावर लिहिलेलं असतं आणि थोडंफार तसंच निघतं, त्यात तुमचा वेळ घालवत नाही. अक्षर काळंभोर येतं, बाटलीतून शाई भरताना सांडत नाही, कागद क्वचितच अडकतो. माझं भांडण आहे ते यंत्राच्या पोटात बसवलेल्या एका पॅडशी. विकताना त्याबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही. शाळेसाठी प्रिंटर घेणाऱ्याने बाकी काही विचारलं नाही तरी चालेल, पण हे विचाराच.

आमच्या प्राथमिक शाळेचं वार्तापत्र दर सत्राच्या शेवटी निघतं. दोन ए4 कागद मधोमध दुमडून एकात एक घातले की आठ पानं होतात. 80 जीएसएमचा (चौरस मीटरला 80 ग्रॅम) ए4 पाच ग्रॅम भरतो, म्हणजे अख्खं वार्तापत्र दहा ग्रॅमचं. शाळा कधी बंद आणि कधी उघडणार, ग्रंथालयाची कोणती पुस्तकं अजून घरी अडकलीत, खेळांचे निकाल, कोणत्या बाई बदलून चालल्यात, हरवलं-सापडलंची यादी, मुलांची चित्रं, आणि मधल्या जोडपानावर प्रत्येक मुलाचं नाव कशा ना कशासाठी. हे सगळं मोबाइलवर आधीच येऊन गेलेलं असतं. तरी कागद हवाच असं पालकसभा दर वेळी म्हणते, आणि ते बरोबर आहे. ग्रुपवर सूचना पडते आणि तिच्याखाली लगेच "सुटी कधी लागतेय हो?" येतं. कागद फ्रिजच्या दारावर लागतो आणि आजी-आजोबांच्या हाती पडतो. शिवाय मुलांचे फोटो इंटरनेटवर नकोत म्हणणारे पालक कागदावरच्या फोटोला बहुधा हो म्हणतात.

पूर्वी आम्ही हे बाहेरून छापून घ्यायचो. मी पालक-शिक्षक संघाचा खजिनदार, पै पै मोजणारा म्हणून बदनाम. पानामागचा खर्च काढून इंक टँक सुचवला तो मीच. शाईच्या एका बाटलीत हजारो पानं, असा आकडा खोक्यावर होता. तो आकडा खोटा नसतो. त्यासाठी आयएसओ/आयईसी 24712 या मानकात ठरलेला पानांचा संच आहे आणि तो एकापाठोपाठ एक छापत राहून उतारा मोजतात. (पहिल्या बाटल्यांचा उतारा कमी येतो, कारण आतल्या नळ्या भरण्यात शाई जाते. हे खाली बारीक अक्षरांत असतं.) अडचण अशी की शाळा एकापाठोपाठ एक छापत नाही. सत्राच्या मध्यावर आठवडाभरात दोन-चार सूचना, मग सुटी, मग काहीच नाही, आणि शेवटच्या आठवड्यात अचानक गठ्ठेच्या गठ्ठे.

आता पॅडकडे येतो. इंकजेटच्या हेडला, म्हणजे कागदावर शाई सोडणाऱ्या भागाला, केसाहून बारीक भोकं (नोझल) असतात. काही दिवस न छापता गेले की त्यांच्या तोंडाशी शाई सुकायला लागते. म्हणून प्रिंटर चालू होताना, मधूनच स्वतःच्या मनाने, आणि तुम्ही 'हेड क्लीनिंग' दाबलंत की हमखास, शाई ओढून ती भोकं धुतो. एकच रंग अडला असला तरी बऱ्याच मॉडेलांत चारही रंग ओतले जातात. ही धुवणाची शाई तळाच्या पॅडमध्ये जिरते. पॅड किती भिजलंय हे यंत्र डोकावून बघत नाही. किती शाई ओतली याचा हिशेब आतली चिप ठेवते आणि ठरलेला आकडा गाठला की कुलूप. त्यानंतर छपाई नाहीच, आमच्या मॉडेलात स्कॅनसुद्धा नाही. शाई टेबलावर वाहू नये म्हणून ही सोय आहे, ते मान्य. पण बाटलीभर पैसे देऊन घेतलेली शाई कागदाचं तोंडही न बघता पॅडमध्ये जाते, आणि पॅड भरलं म्हणून पुन्हा पैसे मीच द्यायचे, हे काही केल्या माझ्या गळ्याखाली उतरत नाही.

आमचं पॅड इतक्या लवकर कसं भरलं, यात पहिलीच्या वर्गाचा हात आहे. एखादं भोक बुजलं की छपाईत आडवी पांढरी रेघ येते. रोमन अक्षरांत ती खपून जाते. देवनागरीत ती नेमकी शिरोरेषेवर आली की नावाला टक्कल पडतं. सत्राच्या मध्यावर स्पर्धेची यादी लागली आणि पहिलीतली एक मुलगी थेट कार्यालयात येऊन विचारू लागली, "माझ्या नावावरची रेघ कुठे गेली?" बाईंनी त्याच आठवड्यात 'रेघ द्यायला विसरायचं नाही' घोकून घेतलेलं. मागोमाग आणखी दोघं आले. झालं, तेव्हापासून कार्यालयात जरा पुसट दिसलं की क्लीनिंग, पुन्हा क्लीनिंग. त्यात शाळा सुटली की मेन स्विच बंद करायची शिस्त. मॅन्युअल म्हणतं प्रिंटर त्याच्या बटणानेच बंद करा, म्हणजे हेड जागेवर जाऊन त्यावर टोपी नीट बसते. भिंतीवरून वीज तोडली की ती बसेलच असं नाही, आणि उघड्या हेडवरची शाई सुकायला सुटीचे दिवस पुरेसे असतात.

शेवटच्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळी बाहेरचा कागद पूर्ण छापून झाला होता. त्यावर पानं 1, 2, 7 आणि 8. आतल्या कागदाची, म्हणजे 3 ते 6 ची, सुरुवातच होती आणि सगळे दिवे एकदम लुकलुकायला लागले. इंक पॅडचं आयुष्य संपलं, सेवा केंद्राशी संपर्क साधा. नावांचं जोडपान त्याच कागदावर, चित्रं त्याच कागदावर. सूचना वगैरे नसत्या तरी निभावलं असतं, नावं नसतील तर वार्तापत्र वाटूच नका, असं मुख्याध्यापिका बाई म्हणाल्या. एका मुलाच्या आईने फाइल घेतली आणि सकाळी त्यांच्या ऑफिसातल्या लेझर प्रिंटरवरून गठ्ठा आणून दिला. काळा-पांढरा. चित्रांचे रंग गेले, नुसत्या बाह्यरेषा उरल्या.

दुसरीच्या बाईंनी मग शेवटच्या तासाला खडू बाहेर काढायला लावले. मुलांनी आपापल्या प्रतीत चित्रं रंगवली, स्वतःची आणि दुसऱ्यांचीही. ज्याचं चित्र तो शेजारी उभा राहून "हत्ती हिरवा नव्हता माझा" म्हणून भांडत होता. बाकीच्या वर्गांना हे कळलं आणि सगळीकडे तेच सुरू झालं. घरी गेलेल्या वार्तापत्रांत दोन प्रती सारख्या नव्हत्या. पालकांकडून या अंकाला जेवढे निरोप आले तेवढे रंगीत अंकाला कधी आले नव्हते, आणि माझ्या डोक्यात मात्र एकच हिशेब चालू होता: तीन रंगांच्या बाटल्या आपण कशाला पोसतोय?

मग सेवा केंद्र. फोनवर एक ताई होत्या.

"सर, इंक पॅड वॉरंटीत येत नाही. ती वापरून संपणारी वस्तू आहे."

"अहो, मग ती शाईच्या बाटलीशेजारी विकायला का ठेवत नाही? मी घेतली असती."

"सर, ती तंत्रज्ञानेच बदलायची असते."

"म्हणजे संपणार माझ्याकडे आणि बदलणार तुम्ही."

"सर, शाळेत वापरताय ना? हे मॉडेल घरगुती वापराचं आहे."

वॉरंटी एक वर्ष किंवा अमुक पानं, जे आधी होईल ते, अशी होती. आम्ही ना वर्ष भरलं होतं ना पानं. हे मी तीन वेगवेगळ्या माणसांना तीन वेगवेगळ्या सुरांत सांगितलं. शेवटी तक्रार लेखी दिली आणि हा अनुभवही इथपर्यंत लिहून ठेवला, दोन तारे देऊन. ते दोन तारे अजून तसेच आहेत.

पुढचं लिहितोय दुरुस्तीनंतर. तंत्रज्ञ म्हणून आलेला मुलगा शांत होता. त्याने प्रिंटर उघडण्याआधी आतला अहवाल छापण्याइतकं कुलूप सैल केलं आणि तो कागद माझ्यासमोर धरला. छापलेली पानं आणि केलेली क्लीनिंग, दोन्हींची नोंद होती. "काका, हे छापून भरलेलं नाही. बंद राहून भरलंय." पॅड बाहेर काढलं तेव्हा ते काळंजांभळं आणि ओथंबलेलं होतं, म्हणजे चिप उगाच ओरडत नव्हती. बदलायला अर्धा तासही लागला नाही. पॅडपेक्षा त्याच्या येण्याचं शुल्क जास्त, यावरही मी बोललो. तो हसला, कारण तो दर त्याने ठरवलेला नव्हता.

त्याने सांगितलेलं इथे देतो, कारण मॅन्युअलमध्ये हे विखुरलेलं आहे. आठवड्यातून एकदा नोझल चेकचं, म्हणजे कोणती भोकं बुजलीत ते दाखवणारं, पान काढायचं. त्यात सगळे रंग थोडे थोडे वाहतात आणि क्लीनिंगच्या मानाने शाई नगण्य लागते. रेघ दिसली तर आधी नोझल चेक, मग एकच क्लीनिंग, तरी नाही गेली तर प्रिंटर बंद करून रात्रभर सोडून द्यायचा. लागोपाठ क्लीनिंग मारत बसलं की सुकलेली शाई निघतेच असं नाही, पॅड मात्र भरतं. इंटरनेटवर आकडा शून्यावर आणणारं सॉफ्टवेअर मिळतं, ते पॅड न बदलता वापरलं तर शाई एक दिवस खालून बाहेर येणार. आणि नवा प्रिंटर घेताना मेंटेनन्स बॉक्स असलेलं मॉडेल बघायचं. त्यात हेच पॅड एका डबीत असतं आणि ती डबी आपल्याला स्वतः बदलता येते. अशी मॉडेलं थोडी महाग पडतात. मी, पै पै मोजणारा, ते जास्तीचे पैसे द्या म्हणून सांगतोय, यावरून काय ते समजा. वाढवलेला अर्धा तारा त्या मुलाचा आहे, कंपनीचा नाही.

बाकीचं थोडक्यात. काळी शाई पिगमेंटची (न विरघळणाऱ्या कणांची) असल्याने कागदावर पाणी सांडलं तरी अक्षर टिकतं, रंग डायचे (पाण्यात विरघळणारे) असल्याने पसरतात. दप्तरात पाण्याची बाटली गळतेच, तेव्हा तारखा आणि वेळा रंगीत छापू नका. ए मालिकेच्या कागदांत बाजूंचं गुणोत्तर 1:√2 असल्याने ए4 वर टाइप केलेला मजकूर 71 टक्क्यांवर आणला की दुमडलेल्या अर्ध्यात चपखल बसतो, पण 12 पॉइंटचं अक्षर साडेआठचं होतं आणि आजोबा मंडळींचे फोन येतात. शिक्षकांना 16 पॉइंटमध्येच टाइप करायला सांगा. फोटो ग्रुपवरून घेऊ नका, डॉक्युमेंट म्हणून मागवा. ए5 पानाच्या पूर्ण रुंदीला 300 डीपीआयने (इंचाला 300 ठिपके) 1748 पिक्सेल लागतात, आणि ग्रुपवर दोन-तीनदा फिरून आलेल्या फोटोत तेवढे उरलेले नसतात.

नावांच्या यादीला मात्र कोणतंही यंत्र पुरं पडत नाही. हजेरीपटावरचं नाव, घरचं नाव आणि मूल स्वतः लिहितं ते नाव, तिन्ही वेगळी असतात. ऱ्हस्वदीर्घावरून रुसलेली मुलं मी पाहिली आहेत. आता छपाईआधी जोडपानाची एक कच्ची प्रत प्रत्येक वर्गात फिरते आणि मुलं आपापल्या नावासमोर बरोबरची खूण करतात. एका प्रतीची शाई जाते, ती मी आनंदाने मंजूर केली आहे. रंगीत छपाई फक्त मुखपृष्ठावर ठेवायची आणि चित्रं मुद्दाम बाह्यरेषांतच छापायची, हेही ठरलं. तिसरीतल्या एका चित्रकाराचा याला सक्त विरोध आहे आणि त्याने तो लेखी दिला आहे.

राहिला प्रश्न मोठ्या सुटीचा. शाळा बंद, वीज बंद, आणि नोझल चेक तर दर आठवड्याला हवा. पालकसभेत यावर अर्धा तास गेला. प्रिंटर कोणाच्या तरी घरी न्यायचा हे पटकन ठरलं, कोणाच्या हे ठरेना. शाई भरलेला प्रिंटर आडवा न करता, टँकची झाकणं घट्ट लावून, मांडीवर घेऊन न्यावा लागतो हे मी सांगितल्यावर दुचाकीवाले आपोआप बाद झाले. शेवटी ज्यांनी लेझरवरून गठ्ठा आणला त्याच तयार झाल्या, पण त्यांची अट होती: सुटीत मुलाच्या प्रकल्पाची पानं त्यावर काढणार. मी कागद त्यांचा, शाई संघाची, असं म्हटलं. त्या म्हणाल्या, शाई तशीही पॅडमध्ये जाणार होती ना? खजिनदाराने याला हरकत नोंदवलेली नाही.