प्रीमिअर प्रोमधला अल्ट्रा की: बरेच महिने रोज वापरल्यावर

ग्रीन स्क्रीनसमोर बसून बोलणाऱ्यांचे व्हिडिओ एडिट करणं हे माझं रोजचं काम, आणि कीइंगसाठी (म्हणजे मागचा हिरवा पडदा गायब करण्यासाठी) गेले कित्येक महिने मी प्रीमिअर प्रो या एडिटिंग सॉफ्टवेअरमधला अल्ट्रा की हा इफेक्टच वापरतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो. इफेक्ट एक नंबर आहे. पण आयड्रॉपरने, म्हणजे रंग उचलायच्या टूलने, पडद्यावर क्लिक केलं, हिरवं गेलं की बरेच जण तिथेच थांबतात, आणि मग व्हिडिओ मोठ्या स्क्रीनवर बघितला की माणसाच्या कडेने काहीतरी वळवळताना दिसतं.

सगळ्यात आधी इफेक्टचं आउटपुट कंपोझिटवरून (तयार चित्र) अल्फा चॅनलवर (काय राहणार ते पांढरं, काय गायब होणार ते काळं) न्या. माणूस पूर्ण पांढरा, मागचं पूर्ण काळं, एवढंच दिसायला पाहिजे. कंपोझिटमध्ये एकदम स्वच्छ वाटणारा शॉट इथे आला की काळ्यात करडा धूर आणि शर्टाच्या चुण्यांमध्ये राखाडी भोकं दिसतात. मी स्लायडर हलवतो ते याच व्ह्यूमध्ये, आणि मला वाटतं अर्धं कीइंग म्हणजे एवढी एक सवय आहे.

क्लिक कुठे करायचं तेही महत्त्वाचं, कारण कापडावर लाइट कोपऱ्यात वेगळा असतो आणि मध्ये वेगळा, म्हणून मी केसांच्या जवळचा हिरवा घेतो. कंट्रोल दाबून क्लिक केलं तर आयड्रॉपर 5×5 पिक्सेलची सरासरी घेतो, त्यामुळे चुकून एखादा नॉइजवाला (दाणेदार, भलत्याच रंगाचा) पिक्सेल पकडला जात नाही. लांबचे कोपरे, स्टँड वगैरे ओपॅसिटी मास्कने (आकार आखून बाहेरचा भाग लपवायची सोय) आधीच कापून टाका, त्यासाठी की ताणू नका.

मग पेडेस्टल, म्हणजे अल्फामधला नॉइज काढणारा स्लायडर. डिफॉल्ट 10 असतो, काळ्यातली मुंग्यांसारखी हालचाल थांबेपर्यंत हळूहळू वाढवायचा. काळे केस किंवा गडद कोट पारदर्शक होत असेल तर शॅडोचा स्लायडर बघा, आणि त्वचेवर हिरवी झाक आली असेल तर टॉलरन्सचा. चोक, म्हणजे कड आत ओढणारा स्लायडर, मात्र अगदी जपून. कानाजवळची एखादी सुटी बट दोनशे टक्के झूम करून बघा, चोक थोडा वाढवला की आधी तिचं टोक जातं, मग अख्खी बट, आणि शेवटी डोकं कात्रीने कापल्यासारखं दिसतं. म्हणून मी हल्ली क्लिपच्या दोन कॉप्या ठेवतो: वरची कडक की केलेली, चोक करून आत घेतलेली, म्हणजे अंगातली भोकं भरतात, आणि खालची एकदम मऊ, जिच्यात केस शाबूत राहतात. काम थोडं वाढतं पण फरक बघाल तर परत जुन्या पद्धतीवर जाणार नाही.

स्पिल सप्रेशन, म्हणजे पडद्याची माणसावर पडलेली हिरवी झाक काढणं, वाढवलं की केसांची कड कधीकधी काळपट पडते, तेव्हा तिथल्याच लुमा स्लायडरने मूळ उजेड परत आणता येतो. चष्म्याच्या काचेत हिरवं पडलं असेल तर मात्र स्लायडरने फारसं काही होत नाही, ते शूटच्या वेळी चष्मा जरा खाली झुकवूनच सुटतं. माणूस पडद्यापासून जितका पुढे, तितकी ही सगळी कटकट कमी.

आणि फुटेज! बहुतेक कॅमेरे 4:2:0 मध्ये रेकॉर्ड करतात, म्हणजे 1920×1080 च्या व्हिडिओत रंगाची माहिती फक्त 960×540 एवढीच, आणि की तर रंगावरच चालतो, त्यामुळे कडेला पायऱ्या दिसणारच. त्यापेक्षा 3840×2160 वर शूट करा आणि 1080 च्या टाइमलाइनवर छोटं करा, रंगाची माहिती तेव्हा बरोबर 1920×1080 भरते, कडा लगेच सुधारतात. हात हलवून बोलणारा माणूस असेल तर सेकंदाला 25 फ्रेम असताना 1/50 ऐवजी 1/100 शटर ठेवा, बोटांभोवतीचा हिरवा धूसरपणा बराच कमी होतो, फक्त लाइट दुप्पट लागेल.

सेटिंग जमलं की प्रीसेट सेव्ह करा. पण नवीन शूटचं फुटेज आल्यावर की कलर (गायब करायचा हिरवा) परत पिक करायचाच, कारण लाइट थोडा जरी सरकला तरी हिरवा बदलतो, आणि पेडेस्टलही अल्फामध्ये बघून परत लावावा लागतो, बाकीचं सहसा तसंच चालून जातं.