नऊ फुटी रॉड, ४००० साइजचं रीळ आणि कोकणातलं खारं पाणी: गणपती ते मे वापरल्यानंतर

गेल्या गणपतीनंतर मासे गरवायचा (गळाने पकडायचा) हा सेट घेतला. ९ फुटांचा दोन तुकड्यांचा मीडियम-हेवी कार्बन रॉड (१५ ते ४० ग्रॅमचे लुअर म्हणजे नकली आमिष फेकायला), ४००० साइजचं स्पिनिंग रीळ, त्यावर ३० पौंडाची आठपदरी ब्रेड (विणलेली दोरी) आणि पुढे ४० पौंडाचा मोनो लीडर (दोरीच्या टोकाला जोडायचा एकपदरी तुकडा). रॉड आणि रीळ मिळून साडेसात हजारांच्या आसपास गेले. ब्रँडची नावं मुद्दाम देत नाही. या किमतीत सगळ्यांचा माल उन्नीस-बीस आहे आणि तो किती टिकेल हे खाऱ्या पाण्यातून आल्यावर तुम्ही काय करता यावर ठरतं.

वापर सगळा सिंधुदुर्गात: आचऱ्याची खाडी, कालावल, देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते तो संगम आणि देवगडकडची खडपं (किनाऱ्यावरचे खडक). मालवणला सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगडाच्या भोवतालचं पाणी १९८७ साली जाहीर झालेल्या सागरी अभयारण्याच्या गाभ्यात येतं. तिथे गरवायला जायचं नाही. नव्याने येणाऱ्यांना हे कोणी सांगत नाही म्हणून आधीच लिहिलं.

रॉडबद्दल मी समाधानी आहे. खडपावर ९ फुटांचा फायदा लगेच कळतो, कारण टोक उंच धरून दोरी कालवांच्या धारेपासून वर ठेवता येते. कालवं लागलेल्या दगडावर ताणलेली ब्रेड नुसती टेकली तरी सुटते. पूर्वी तंगूस (साधी नायलॉनची दोरी) वापरायचो, तो निदान थोडा घासून मग तुटायचा. खाडीत मात्र हीच लांबी नडते. कांदळवनाच्या फांद्यांखाली उभं राहून मागे हात घ्यायला जागाच नसते. फक्त खाडीत गरवणार असाल तर ७ फुटी घ्या.

आता पाण्याबद्दल, कारण या सेटने मासा दिला की नाही ते शेवटी तिथेच ठरतं. जुन्या माणसांचा हिशोब आजही मोबाइलमधल्या तक्त्याइतकाच उपयोगी आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. चतुर्थीला ३, अष्टमीला ६. हा हिशोब मुंबईकडचा. आमच्याकडे पाणी त्याहून जरा आधी चढतं. सगळे अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला धावतात, पण तेव्हा खाडीच्या मुखाशी ओढ इतकी असते की २० ग्रॅमचं जिग (वजनदार लुअर) तळाला पोचत नाही. शिवाय वाहून आलेला पाला आणि प्लास्टिक दोरीला अडकत राहतं. अष्टमी-नवमीच्या भांगाला (भरती-ओहोटी कमी असते तेव्हा) उलट, पाणी मरगळलेलं. माझ्या मते तृतीया ते पंचमी सर्वांत चांगली. या दिवसांत दुपारी दोन-तीनला पाणी भरतं आणि पहाटेही साधारण त्याच वेळी. म्हणजे सुकती (ओहोटी) जोर धरते तेव्हा एकीकडे दिवस मावळत असतो, नाहीतर उजाडत असतं. चोणकीला हवी असते ती नेमकी हीच वेळ. (रायगडकडे या माशालाच जिताडा म्हणतात.)

नोव्हेंबरात कालावलला एका छोट्या पाटाच्या तोंडाशी उभा होतो. कांदळवनातलं पाणी तिथून खाडीत परत येतं आणि त्याच्याबरोबर बोय आणि कोळंबीही बाहेर पडते. शेजारी पाग (फेकायचं जाळं) घेऊन बसलेल्या आजोबांनी मला फेकूच दिलं नाही. "वाईच थांब, आधी पाणी फिरांदे," एवढंच म्हणाले. पाटाच्या तोंडाशी गढूळ आणि स्वच्छ पाण्याची रेघ दिसायला लागली तेव्हा मान हलवली. मी चार इंची सॉफ्ट शॅड (मऊ रबरी मासा) त्या रेघेच्या वरच्या अंगाला टाकला, ओढीबरोबर वाहू दिला, अधूनमधून नुसतं टोक उचललं. तिसऱ्या की चौथ्या फेकीला ठक्कन लागलं आणि मासा पाण्याबाहेर आला, डोकं झटकत. त्या क्षणी रॉडचं टोक खाली न्यायचं, दोरी थोडी सैल पडू द्यायची. ताणून धरली तर गरी (गळ) तोंडातून उडते. किनाऱ्याला आणल्यावर लीडर बघितला, शेवटची वीतभर खरवडून पांढरी पडली होती. चोणकीचे दात बारीक असतात, पण गालफडाची कड सुरीसारखी. म्हणून प्रत्येक माशानंतर तेवढा तुकडा कापून गाठ नवी बांधायची.

खडपावर तांबोशीसाठी ४० पौंड कमीच पडतो. ती आमिष घेते आणि थेट कपारीत शिरते, तेव्हा ६० पौंडाचा लीडर आणि कसलेला ड्रॅग (मासा ओढतो तेव्हा दोरी सोडणारा रिळाचा ब्रेक) हवा. या रिळाचा ड्रॅग तेवढा कसला की गुळगुळीत राहत नाही, झटके देत सुटतो. ही खरी उणीव आहे.

रिळाची दुसरी तक्रार लाइन रोलरची (दोरी ज्यावरून वळून रिळावर येते ते चाक). जानेवारीत कुरकुरायला लागला, मार्चपर्यंत अडकून दोरी घासू लागला. दुकानदाराने खाऱ्या पाण्याचं कारण सांगून हात वर केले, म्हणून स्वतःच उघडला. आतलं बेअरिंग गंजलं होतं. बदलल्यापासून ठीक आहे. घरी आल्यावर ड्रॅग घट्ट करून हलक्या धारेखाली रीळ धुवायचं (जोरात फवारा मारला तर मीठ आतच ढकललं जातं), पुसून झाल्यावर ड्रॅग सैल करायचा आणि रोलरवर तेलाचा एक थेंब. लुअरबरोबर येणाऱ्या तिहेरी गऱ्या काढूनच टाका. महिन्याभरात गंजतात आणि मासा सोडताना त्याचं तोंड फाडतात. एकेरी, जाड तारेच्या गऱ्या लावल्यापासून मासे सुटण्याचं प्रमाण वाढलं नाही.

शेंगाळा मासा लागला तर हाताने धरू नका. पाठीवरचा आणि दोन्ही कल्ल्यांजवळचा काटा विषारी असतो. लागलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून डॉक्टरकडे जा.

फेब्रुवारीपर्यंत सकाळी मतलई (जमिनीकडून येणारा) वारा पाठीवर असतो, किनाऱ्यावरून हलकं लुअरही लांब जातं. मार्चनंतर खारा वारा समोरून येतो, तेव्हा ३० ग्रॅमचा धातूचा जिगच चालतो आणि तोही अकराच्या आत.

मोठ्या चोणकीबद्दल एक आग्रहाने सांगायचं आहे. हा मासा आधी नर असतो आणि वाढल्यावर मादी होतो. ८०-९० सेंटिमीटरच्या पुढच्या बहुतेक माद्या, आणि पावसाळ्यात त्याच खाडीच्या मुखाशी अंडी घालतात. यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै बंदी असते. काठावरून गरवणाऱ्यांना ती लागू नाही, तरी त्या दोन महिन्यांत मुखाशी सापडलेली मोठी मादी मी पाण्यातच ठेवून गरी काढतो आणि सोडतो. फोटोसाठी कल्ल्याला धरून उभी लोंबकळवली तर तिचा मणका दुखावतो, तसं करू नका.

ब्रेडचा रंग उडालाय, पण ताकद आहे. पावसाळ्यात ती उलटी गुंडाळून आतली न वापरलेली बाजू वर घेणार. रॉड ठेवतोय. रीळ मात्र नारळी पौर्णिमेच्या आधी बदलणार, या वेळी सीलबंद बॉडीचं, मग ते चार-पाच हजारांनी महाग पडलं तरी.