एल-१ की एच-१बी? जोडीदाराच्या नोकरीच्या बाजूने मांडलेला हिशोब

ज्या घरात दोघंही कमावतात, तिथे अमेरिकेला एल-१ वर (आपल्याच कंपनीच्या तिथल्या कार्यालयात बदलीचा व्हिसा) जायचं की एच-१बी वर (तिथल्या नोकरीसाठी लॉटरीतून मिळणारा व्हिसा), हे ज्याला ऑफर आली आहे त्याचा पगार पाहून ठरवू नये. जोडीदाराच्या पदरात काय पडतं ते आधी बघावं. हिंजवडी-खराडीतल्या कंपन्यांच्या कागदांत याबद्दल बहुधा 'डिपेंडंट व्हिसा' एवढीच ओळ असते. प्रत्यक्षात एल-२ (एल-१ वाल्याच्या जोडीदाराचा) आणि एच-४ (एच-१बी वाल्याच्या जोडीदाराचा) यांत नोकरीच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचा फरक आहे.

एल-१ वाल्याच्या बायकोला किंवा नवऱ्याला एल-२ मिळतो. नोव्हेंबर २०२१ मधल्या एका न्यायालयीन तडजोडीनंतर कामाचा हक्क या स्टेटसमध्येच धरला जातो, वेगळं ईएडी कार्ड (कामाचा परवाना) काढावं लागत नाही. २०२२ पासून आय-९४ वर (देशात शिरताना होणारी सरकारी नोंद) जोडीदारासाठी 'एल-२एस' अशी वेगळी नोंद होते. त्यातला 'एस' महत्त्वाचा. उतरल्यावर सीबीपीच्या (अमेरिकेचं सीमा तपासणी खातं) संकेतस्थळावरून आय-९४ त्याच दिवशी डाउनलोड करून तपासा. नुसतं 'एल-२' किंवा मुलांचा कोड पडला असेल, तर सीबीपीच्या डिफर्ड इन्स्पेक्शन कार्यालयातून दुरुस्त करून घ्यावं लागतं. नाहीतर नोकरी मिळूनही रुजू होता येत नाही.

रुजू होताना आणखी एक अडचण येते. कंपनी आय-९ फॉर्म भरून घेते, त्यात एल-२एस नोंदीचा आय-९४ हा कामाच्या हक्काचा पुरावा म्हणून चालतो, पण ओळखीचा पुरावा म्हणून चालत नाही. त्यासाठी राज्याचं ड्रायव्हिंग लायसन्स किंवा स्टेट आयडी लागतं. इथे भारतीय पासपोर्ट दाखवून भागत नाही. म्हणून गेल्या गेल्या सोशल सिक्युरिटी नंबर आणि स्टेट आयडी या दोन्हींच्या मागे लागावं. गरज नसतानाही काही जण ईएडी काढतात, कारण ते एकच कार्ड दोन्ही पुराव्यांचं काम करतं.

एच-४ चं गणित उलटं आहे. तिथे पोहोचल्यावर जोडीदाराला शिकता येतं, पूर्णवेळ पदवीही घेता येते, पण नोकरी करता येत नाही. मे २०१५ च्या नियमानुसार एच-४ ला ईएडी मिळतं, पण एच-१बी वाल्याचं आय-१४० (ग्रीन कार्डसाठी कंपनीने भरलेला अर्ज) मंजूर झालेलं असेल किंवा ग्रीन कार्डच्या प्रक्रियेमुळे त्याला सहा वर्षांपुढची मुदतवाढ मिळाली असेल तरच. आय-१४० च्या आधी पर्म (श्रम खात्याचं प्रमाणपत्र) असतं, त्यात हल्ली दीड-दोन वर्षं सहज जातात. आय-१४० ला प्रीमियम (जादा फी भरून लवकर निकाल) लावला तर पंधरा कामकाजाच्या दिवसांत उत्तर येतं. त्यानंतर आय-७६५ (ईएडीचा अर्ज) भरायचा आणि कार्डाची वाट बघायची. कंपनी 'एक वर्ष झाल्यावर ग्रीन कार्डचं बघू' म्हणत असेल, तर जोडीदाराची तीन वर्षं घरात जाणार असं धरून चाला.

मग एल-१ च बरा, असं वाटेल. पहिल्या पाच वर्षांपुरतं ते खरंही आहे. त्यात २१ सप्टेंबर २०२५ पासून भारतात असलेल्या माणसासाठी नवं एच-१बी पिटिशन भरताना कंपनीने एक लाख डॉलर मोजावेत, असा बारा महिन्यांचा आदेश निघाला, आणि एल-१ ला ना ती रक्कम लागू आहे ना लॉटरी. पण एल-१बी (विशेष ज्ञान असलेल्यांचा) पाच वर्षांत संपतो, एल-१ए (मॅनेजरांचा) सात वर्षांत, आणि आय-१४० मंजूर असलं तरी पुढे एक दिवस वाढत नाही. भारतीयांसाठी ईबी-२ आणि ईबी-३ ची (नोकरीवरून मिळणाऱ्या ग्रीन कार्डचे वर्ग) रांग दहा वर्षांहून जुनी आहे. म्हणजे एल-१ची मुदत संपेपर्यंत ग्रीन कार्ड हातात येईल ही आशा बहुतेकांनी सोडलेली बरी. एच-१बी मूळ सहा वर्षांचा असला, तरी मंजूर आय-१४० च्या आधारे रांगेत असेपर्यंत वाढत राहतो, आणि त्याबरोबर एच-४ व तिचं ईएडीही.

तीन-चार वर्षांनी पुण्यात परतायचं नक्की असेल तर डोळे झाकून एल-१. तिथेच राहायचा विचार असेल, तर एल-१ वर जाऊन पहिल्याच वर्षी पर्म सुरू करायचा करार लेखी घ्यावा आणि दर मार्चला एच-१बी च्या लॉटरीत नाव टाकावं. आय-१४० मंजूर झाल्यावर अमेरिकेत राहूनच एच-१बी वर गेलात, तर जोडीदाराच्या नोकरीत पडणारी फट काही महिन्यांचीच राहते. अशा देशांतर्गत बदलाला एक लाख डॉलरचा नियम लागत नाही, हे ऑक्टोबर २०२५ मध्ये स्पष्ट झालं आहे. मात्र एल-१ ची वर्षं एच-१बी च्या सहा वर्षांत मोजली जातात. जोडीदाराची एल-२ किंवा एच-४ वरची वर्षं तिच्या स्वतःच्या एच-१बी मधून वजा होत नाहीत. तिची पात्रता असेल तर लॉटरीत तिचंही नाव टाकायला हवं. कितीतरी जोडपी हे विसरतात.

हक्क टिकवण्यात लोक जिथे चुकतात, ती जागा दोन्ही मार्गांवर एकच आहे: आय-९४ ची शेवटची तारीख. पासपोर्टवरचा व्हिसा फक्त आत येण्यासाठी असतो. राहण्याचा आणि काम करण्याचा हक्क आय-९४ वरून ठरतो. पासपोर्टची मुदत पिटिशनच्या आधी संपत असेल, तर अधिकारी आय-९४ पासपोर्टच्या तारखेपर्यंतच देतो. नवऱ्याचा आय-९४ २०२८ पर्यंत आणि बायकोचा २०२७ पर्यंत, असं याच कारणाने होतं, आणि कंपनीचे वकील फक्त नवऱ्याची तारीख सांभाळतात.

मुदतवाढीसाठी जोडीदाराचा आय-५३९ अर्ज वेगळा भरावा लागतो. एच-४ किंवा एल-२ च्या आय-५३९ ला प्रीमियम नाही. पूर्वी तो मुख्य अर्जाबरोबरच निकालात काढण्याची तडजोड होती, ती जानेवारी २०२५ मध्ये संपली. त्यातच ३० ऑक्टोबर २०२५ पासून भरलेल्या ईएडीच्या नूतनीकरणाला आपोआप मिळणारी ५४० दिवसांची वाढ बंद झाली. कार्ड संपलं आणि नवं आलं नाही, तर त्या दिवशी काम थांबवावं लागतं. नूतनीकरण १८० दिवस आधी भरता येतं, ते त्याच आठवड्यात भरा. एल-२एस ला एक पळवाट आहे: नवऱ्याची मुदतवाढ मंजूर झाली की बाहेर जाऊन वैध व्हिसावर परत यायचं आणि नवा आय-९४ घ्यायचा. मात्र स्टेटस बदलण्याचा अर्ज प्रलंबित असताना देश सोडला, तर तो अर्ज सोडून दिल्यासारखा मानला जातो.

नोकरी गेली तर दोन्हीकडे जास्तीत जास्त साठ दिवस. एच-१बी वाला तेवढ्यात दुसरी कंपनी शोधू शकतो. एल-१ वाल्याला दुसऱ्या कंपनीत जाताच येत नाही, आणि जोडीदाराची चांगली चाललेली नोकरीही त्याच्याबरोबर जाते. मंजूर आय-१४० ला १८० दिवस झाल्यावर कंपनीने ते मागे घेतलं, तरी एच-१बी च्या मुदतवाढीसाठी ते टिकतं. म्हणून त्या १८० दिवसांच्या आत कंपनी बदलू नये.

पुण्यातली नोकरी एच-४ वर घरी बसून चालू ठेवू, पगार इथल्याच खात्यात येईल, हा बेत बऱ्याच घरांत शिजतो. वकील याला होकार देत नाहीत, कारण काम कुठे बसून केलं हे पाहिलं जातं. ग्रीन कार्डच्या अर्जात नोकरीचा इतिहास भरावा लागतो, तिथे हे उघडं पडतं. त्यापेक्षा बिनपगारी रजा मागा.

निघण्याआधीची कामं पुण्यातच उरकतात. लग्नाचं प्रमाणपत्र पुणे किंवा पिंपरी-चिंचवड महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयातून मिळतं. दोन पत्रिका आणि फोटोंवर भागवलं असेल तर आता नोंदणी करा, तीन साक्षीदार लागतील. त्यातलं बायकोचं नाव आणि पासपोर्टवरचं नाव जुळायला हवं. सासरचं नाव लावायचंच असेल तर मुलाखतीच्या आधी मुंढव्याच्या पासपोर्ट सेवा केंद्रात लावून घ्या, नाहीतर ग्रीन कार्ड होईपर्यंत माहेरचंच राहू द्या. पासपोर्ट संपायला वर्षभर उरलं असेल तर बीकेसीतल्या अमेरिकन वाणिज्य दूतावासाची तारीख घेण्याआधीच नवा काढा, आणि जुन्यावर चालू व्हिसा असेल तर दोन्ही पासपोर्ट हातातल्या सामानात ठेवा.