ब्रिटन की जर्मनी : शुल्काइतकाच चलनाचाही विचार

थोरली मुलगी 2023 मध्ये शिकायला ब्रिटनला गेली आणि धाकटा मुलगा 2025 मध्ये जर्मनीला. दोन्ही वेळी कर्जाच्या कागदांवर सहकर्जदार म्हणून सही माझीच होती, तेव्हा पुढील मत बेळगावातल्या एका बापाच्या खिशातून आलेले आहे, हे आधीच सांगितलेले बरे.

ब्रिटनचा पदव्युत्तर अभ्यासक्रम बहुधा वर्षभरात संपतो आणि इंग्रजीवर भागते. जर्मनीत दोन वर्षे जातात. मात्र बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्यात युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून प्रत्येक सत्राला 1,500 युरो घेतात, असे काही अपवाद सोडल्यास बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी शुल्क नाही.

मला नडले ते वेगळेच. मार्च 2023 मध्ये मुलीचे कर्ज मंजूर झाले तेव्हा पौंड शंभर रुपयांच्या आसपास होता. मंजुरी रुपयांत, शुल्क पौंडांत, तेही तीन हप्त्यांत. जानेवारी 2024 मध्ये शेवटचा हप्ता भरायची वेळ आली तोवर पौंडाने 105 ओलांडले होते, आणि वर्तमानपत्रात छापलेल्या दराहून बँकेचा विक्रीदर चढाच असतो. मंजूर रक्कम अपुरी पडली, वाढीव कर्जासाठी सगळे कागद नव्याने मागितले गेले, अखेर टिळकवाडीतल्या पतसंस्थेतील ठेव मोडून मी फरक भरला. रक्कम फार मोठी नव्हती, पण सकाळी चहाआधी पौंडाचा भाव पाहण्याची खोड वर्षभर सुटली नाही.

जर्मनीसाठी व्हिसाआधीच ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे वर्षभराचा राहण्याचा खर्च आधीच युरोत ठेवून दरमहा ठरावीक रक्कमच काढू देणाऱ्या खात्यात, 11,904 युरो भरावे लागले. मुलाला त्यातून दरमहा 992 युरो मिळतात. जुलै 2025 मध्ये युरो शंभराच्या घरात असताना जवळपास बारा लाख रुपये एकदम गेले, तेव्हा छाती दडपली हे खरे. परंतु वर्षअखेरीस युरो 105 च्या आसपास पोहोचला तेव्हा आमच्या घरात त्याची चर्चासुद्धा झाली नाही. दुसऱ्या वर्षी निवास परवाना वाढवताना पुन्हा पैशाची सोय दाखवावी लागेल, आणि तेव्हाचा दर कोणाच्या हाती नाही, हेही नमूद करतो.

जर्मन भाषेची धास्ती अनेकांना वाटते. घरात मराठी, बाजारात कन्नड आणि वर्गात इंग्रजी बोलत वाढलेल्या आपल्या मुलांना ती थोडी कमी वाटावी, असा माझा समज आहे. अर्थात अर्धवेळ काम मिळवण्यासाठी भाषा मन लावून शिकावीच लागते.

लवकर नोकरीला लागण्याची निकड असेल तर ब्रिटनला नाही म्हणवत नाही, मात्र 1 जानेवारी 2027 पासून अर्ज करणाऱ्या पदवीधरांना तेथे शिक्षणानंतर दोन वर्षांऐवजी अठराच महिने राहता येईल, हे हिशेबात धरावे. कर्ज मागताना त्या दिवसाच्या दरावर निदान दहा टक्के वाढ धरून रक्कम मंजूर करून घ्यावी, आणि शुल्क हप्त्यांऐवजी एकदम भरल्यास सवलत मिळते का, हे विद्यापीठाला आधी विचारावे.