८, १० की १२ एमएम? घरात चार ठिकाणी काच लावली त्याचा रिव्ह्यू

कोथरूडमधल्या आमच्या जुन्या टूबीएचकेचं काम एकदाचं आटपलं. त्यात काच चार ठिकाणी आलीय: किचनचं स्लायडिंग, हॉलचा तुकडा तोडून केलेल्या स्टडीची भिंत, त्या स्टडीचं दार आणि बाथरूममधलं शॉवर पार्टिशन. चारही ठिकाणी जाडी वेगळी आहे, अनुक्रमे ५, १०, १२ आणि ८ एमएम, आणि घरी येणारा प्रत्येक जण विचारतो की अशी खिचडी का, सगळीकडे एकच का नाही टाकली. दुकानदारही तेच म्हणत होता. "ताई, सगळीकडे बाराच टाका, परत बघायला नको." तर हा रिव्ह्यू काचेचा पण आहे आणि दुकानाचा पण. दुकानाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण काही तक्रारी आहेत आणि त्या अर्ध्याअधिक या धंद्यातच सगळीकडे असतात असं मला चौकशी करताना कळलं.

आधी मुख्य गोष्ट सांगते. जाडी ही काचेच्या क्वालिटीची पायरी नाहीये, की ८ म्हणजे साधी, १० म्हणजे बरी आणि १२ म्हणजे भारी. काच कशात धरलीय यावर जाडी ठरते. चारही बाजूंनी अ‍ॅल्युमिनियमच्या फ्रेममध्ये बसलेली ५ एमएमची टफन काच आरामात चालते, आणि तेवढीच काच नुसत्या वरखाली चॅनेलमध्ये आठ फूट उंच उभी केली तर हात लावला की लवते. आणि लोकांना वाटतं टफन केली की लवणार नाही, तसं नसतं. टफन म्हणजे काच सहाशे डिग्रीच्या वर तापवून हवेच्या झोतानी झटकन गार करतात, त्यानी ती साध्या काचेपेक्षा चार-पाच पट मजबूत होते, म्हणजे फुटायला कठीण होते, पण वाकायला मात्र पूर्वीइतकीच वाकते. वाकणं कमी करायचं तर जाडीच वाढवावी लागते, आणि तिथे गणित मजेशीर आहे, ताठपणा जाडीच्या घनात वाढतो. ८ वरून १० वर गेलात की ताठपणा जवळजवळ दुप्पट, ८ वरून १२ वर गेलात की तिपटीच्या वर. म्हणून फ्रेमलेस कामात दोन एमएमचा फरक खरंच जाणवतो आणि फ्रेमच्या कामात तो नुसता बिलात जाणवतो.

वजनाचा हिशोब पण डोक्यात ठेवा. एक स्क्वेअर मीटर काच, एक एमएम जाडीची, अडीच किलो भरते. फुटात सांगायचं तर १० एमएमला स्क्वेअर फुटामागे सव्वादोन किलोच्या थोडं वर, १२ ला पावणेतीनच्या आसपास. तीन बाय सात फुटाचं दार १२ एमएममध्ये साधारण ५८ किलोचं होतं. हे बिजागऱ्या, रोलर, फ्लोअर स्प्रिंग (दार आपोआप हळू बंद करणारी, जमिनीत बसवायची यंत्रणा) सगळ्यांना झेपायला हवं, आणि काच लिफ्टमध्ये मावली नाही तर चार माणसांना जिन्यावरून न्यायला पण झेपायला हवं. आमच्या बिल्डिंगची लिफ्ट जुनी आणि छोटी, त्यामुळे सगळा माल जिन्यानीच आला आणि वळणावर प्रत्येक वेळी मी डोळे मिटून घेतले.

आता किचन. किचनला स्लिम प्रोफाइलचं स्लायडिंग केलंय, काळी पावडर कोटिंगची फ्रेम, आत ५ एमएम रीडेड, म्हणजे उभ्या खाचांची, टफन. चारही कडा प्रोफाइलमध्ये, म्हणजे फ्रेमच्या पट्टीत, रबरी गास्केटसकट बसलेल्या आहेत त्यामुळे जाडीचा प्रश्नच नव्हता, उलट प्रोफाइलची खाच ठरलेल्या जाडीचीच असते, तिथे बारा टाका म्हणणाऱ्याला मी विचारलं की दादा ती बसणार कशात, त्यावर तो जरा गप्प झाला. आमचं एकेक शटर तीन बाय साडेसात फुटाचं आहे, ५ एमएममध्ये काच २६ किलोच्या आसपास भरते, हीच १२ मध्ये साठच्या पुढे गेली असती आणि मग रोलरची काय अवस्था झाली असती देव जाणे. आई आता एका बोटानी शटर सरकवते. रीडेडमध्ये दोन गोष्टी आधी विचारून घ्या. एक, सगळेच पॅटर्न टफन करून मिळतात असं नाही, पॅटर्न पसंत करण्याआधी हे विचारायचं, नंतर नाही. दुसरं, खाचा एकाच बाजूला असतात, गुळगुळीत बाजू किचनकडे यायला हवी, नाहीतर फोडणीचा तेलकटपणा त्या खाचांमध्ये बसतो आणि घासत बसा मग जन्मभर. आमच्याकडे फिटिंगवाला पहिलं शटर उलटं बसवत होता, मिस्त्रींनी बघितलं म्हणून बरं.

स्टडीची भिंत हा खरा खर्चाचा आणि डोकेदुखीचा भाग. आठ फूट उंची, वर-खाली यू चॅनेल, मधले उभे जॉइंट नुसते सिलिकॉनचे, म्हणजे प्रत्येक पॅनेलला दोनच बाजू पक्क्या. इथे ८ एमएम चालेल का असं मी विचारलं कारण बजेट ताणलं होतं. दुकानात मागे गोडाऊनमध्ये तेवढ्याच उंचीची ८ ची काच उभी होती, मधोमध तळहातानी दाबून बघितली तर चक्क हलत होती, शेजारची १० ची बरीच ताठ. फुटली नसती ती ८ ची पण, पण रोज जातायेता हलणारी भिंत कोणाला हवीय. म्हणून १० फायनल. १२ घेतली नाही कारण चार बाय आठ फुटाचं पॅनेल १० मध्येच ७४ किलोचं होतं, १२ मध्ये ८९, आणि आठ फुटाच्या उंचीला १० नी काम होतंय. उंची दहा फूट असती किंवा वरचं चॅनेल स्लॅबऐवजी नुसत्या पीओपीच्या सीलिंगला ठोकलं असतं तर गोष्ट वेगळी होती, दुसऱ्या बाबतीत तर जाडी वाढवूनही उपयोग नाही, चॅनेलच हलेल. आमच्या मिस्त्रींनी सीलिंगच्या वर स्लॅबपर्यंत जाणारा सपोर्ट आधीच टाकून ठेवला होता, हे सीलिंग व्हायच्या आधी सांगावं लागतं.

दार मात्र १२ चंच केलं. दाराला फ्रेम नाही, वरच्या-खालच्या कोपऱ्यातल्या पॅच फिटिंगवर, म्हणजे काच धरणाऱ्या धातूच्या पकडींवर, ते लटकतं, दिवसातून पन्नासदा उघडतं, वाऱ्यानी आपटतं, मुलगा हँडलला लोंबकळतो. पॅच फिटिंग १० ला पण मिळतात, १० वर दारं केलेली मी बघितलीत, पण रोजच्या वापराच्या दाराला मला १२ हवं होतं आणि तिथे दुकानदाराशी माझं एकमत झालं. शेजारी १० ची भिंत आणि १२ चं दार, हा दोन एमएमचा फरक कोणाच्याही लक्षात येत नाही, फक्त कडेनी बघितलं तर दाराची कड जास्त हिरवी दिसते. जाड काचेला तो हिरवट रंग येतोच, काचेत लोहाचा अंश असतो म्हणून, नको असेल तर एक्स्ट्रा क्लिअर मागायची आणि जास्त पैसे द्यायचे.

फ्लोअर स्प्रिंगबद्दल एक ऐका. त्याचा डबा जमिनीत दीड-दोन इंच खोल बसवावा लागतो, आणि जुन्या फ्लॅटमध्ये टाइल आणि खालचं बेडिंग मिळून तेवढी जागा असेलच असं नाही, मग पोरं सरळ स्लॅबला ब्रेकर लावतात. आमच्याकडे तेच होणार होतं. त्याऐवजी हायड्रॉलिक पॅच घेतला, दार हळू बंद करायची यंत्रणा खालच्या पॅचमध्येच असते, खोदकाम नाही. फक्त त्याच्यावर किती किलोचं दार चालेल ते लिहिलेलं असतं, ते बघूनच घ्या.

बाथरूमला ८ एमएम. अडीच फूट रुंद एकच फिक्स पॅनेल, एक बाजू भिंतीत चॅनेलमध्ये, खाली चॅनेल, वरून भिंतीला रॉड. इथे दुकानदार १० म्हणत होता, पण एवढ्याशा रुंदीला आणि रॉडचा आधार असताना ८ पुरे. ह्याच काचेवर बिजागरी लावून दार लटकवायचं असतं तर मी पण १० घेतली असती. जमिनीत स्क्रू मारू दिले नाहीत, वॉटरप्रूफिंगवर खर्च केलेला, खालचं चॅनेल सिलिकॉनवरच बसवलंय आणि घट्ट आहे. आता उन्हाळ्यात टँकरचं पाणी यायला लागल्यापासून काचेवर पांढरे डाग पडतात, त्याला ८ काय नि १२ काय, वायपर मारायलाच लागतो.

आवाजाबद्दल मात्र सगळ्या दुकानांत जे सांगतात ते ऐकून हसू येतं. "मॅडम बारा एमएम टाका, साऊंडप्रूफ होतं." काही होत नाही. जाडी दीडपट केली तर कागदावर साडेतीन डेसिबलच्या आसपास फरक पडतो, आणि दाराखाली आणि बाजूनी ज्या फटी राहतात त्यातून मिक्सरचा आवाज सरळ आत येतो. फ्रेमलेस काचेच्या दाराला फटी राहणारच, नाहीतर दार फिरेल कसं. नवरा मीटिंगमध्ये असताना बाहेर सासऱ्यांचं बातम्यांचं चॅनल चालू असलं की पलीकडच्या लोकांना पण देशाची खबरबात कळायची. नंतर दाराच्या कडांना पारदर्शक सीलच्या पट्ट्या लावल्या (त्या पण काचेच्या जाडीनुसार येतात, ८ ची १२ ला बसत नाही) आणि जेवढा फरक त्यानी पडला तेवढा जाडीनी पडला नसता. आवाज खरंच थांबवायचा असेल तर लॅमिनेटेड घ्या, दोन काचांमध्ये प्लास्टिकचा थर असतो त्यानी आवाजही कमी येतो, आणि फुटली तरी काच त्या थराला चिकटून राहते, खाली येत नाही. पण महाग पडते आणि तिला न्यूट्रल सिलिकॉनच वापरायला सांगा, आंबट वासाचं साधं सिलिकॉन कडेनी तो थर खराब करतं.

फुटण्याचा विषय निघालाच आहे तर, टफन काच कधीकधी कोणी हात न लावता आपोआप फुटते, हे खरं आहे. काच बनतानाच आत निकेल सल्फाइडचे बारीक कण राहून गेलेले असतात, ते नंतर कधीतरी फुगतात. जाडी वाढवून हे टळत नाही. हीट सोक टेस्ट केलेली मागता येते, त्यात अशा काचा आधीच कारखान्यात फोडून बाजूला काढतात. सगळे छोटे दुकानदार ती देत नाहीत, आमच्यानी पण "घरच्या कामाला कोण मागतं" म्हणून टाळलं. फुटलीच तर खडीसाखरेएवढे तुकडे होतात, सुऱ्यासारखे लांब नाही, म्हणून दार-भिंत-बाथरूम तिन्हीकडे टफनशिवाय काही घेऊ नका, जाडी कितीही असो. १२ एमएमची साधी काच ही ८ च्या टफनपेक्षा धोकादायक आहे, आणि हे मी दुकानात मोठ्यांदा बोलून दाखवल्यावर एक काका माझ्याकडे बघायला लागले, ते साधीच घेत होते.

टफन ओळखायची कशी, तर कोपऱ्यात स्टँप असतो, त्यावर आयएस २५५३ (सेफ्टी काचेचं भारतीय मानक) आणि आयएसआय मार्क बघा. पोलराइज्ड गॉगल असेल तर घालून उजेडात बघा, काचेवर पुसट ठिपके किंवा पट्टे दिसतात, साध्या काचेवर नाही दिसत. जाडी व्हर्निअरनी मोजा, १० ची ९.७ भरली तर भांडू नका, तेवढं चालतं, पण ९ भरली तर उचलून परत द्या.

आता दुकान. माप घ्यायला आलेला मुलगा एक नंबर. रुंदी खाली, मध्ये, वर तिन्हीकडे घेतली, भिंतीचा ओळंबा बघितला (वर आणि खाली चांगला अर्धा इंच फरक निघाला, जुनी भिंत) आणि टाइल बसल्याशिवाय फायनल माप घेणारच नाही म्हणून परत गेला. ह्याचं महत्त्व असं की टफन झाल्यावर काच कापता येत नाही, होल पाडता येत नाही, घासता येत नाही. सगळे होल, हँडलचे, लॉकचे, पॅचचे कटआउट, आधीच करून मग भट्टीत. होल काचेच्या जाडीपेक्षा लहान नको आणि कडेपासून निदान जाडीच्या दुप्पट आत हवं, हे त्यानीच सांगितलं. एवढं करूनही दाराच्या लॉकचं होल कारखान्यातून चुकीच्या बाजूला पाडून आलं. काच त्यांनी बदलून दिली, पैसे मागितले नाहीत, पण त्यासाठी कोटेशनवर "साईज व होलची जबाबदारी दुकानाची" असं आधी लिहून घेतलेलं कामाला आलं. दुसरी काच यायला फार वेळ लावला आणि फोन उचलायचे नाहीत, तेवढे दिवस स्टडीला चादर लावून मीटिंग चालल्या.

सिलिकॉनचं फिनिशिंग सुमार. मास्किंग टेप न लावता बंदूक चालवली, दोन जॉइंट मी काढून परत करायला लावले. आणि बिलात एक गंमत असते ती बघून ठेवा, काच प्रत्यक्ष साईजची लावत नाहीत, पुढच्या तीन किंवा सहा इंचाला राउंड करून लावतात. आमचं ३७ इंचाचं पॅनेल ४२ चं लागलं होतं. भिंतीचे तीन पॅनेल मी ड्रॉइंगवर थोडे इकडेतिकडे करून ३६ च्या आत बसवले आणि बिल लगेच खाली आलं. पॉलिश, होल, कटआउट, वाहतूक, जिन्यावरून चढवायची हमाली हे सगळं वेगळं असतं, आधीच विचारा. रेट लिहीत नाही, शहराप्रमाणे आणि महिन्याप्रमाणे बदलतात.

काचेला पाचपैकी साडेचार, अर्धा हीट सोक न दिल्याबद्दल कापला. दुकानाला तीन, त्यातले दोन त्या माप घेणाऱ्या मुलाचे. बाल्कनीच्या रेलिंगची काच अजून बाकी आहे, तिथे खाली चार मजले आहेत त्यामुळे लॅमिनेटेड टफनच घेणार, कोटेशन दुसऱ्या दुकानातून पण मागवलंय.